येते हं

१

आत्या एकटी परदेशी निघाली तेव्हा घरात जेवढा गोंधळ झाला, तेवढा ती कुणाचा हात धरून पळून गेली असती तरी झाला नसता. दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, जेवणावर राग काढला. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. शेजारीपाजारी मुद्दाम येऊन "एकट्याच?" म्हणून विचारून गेले, आणि त्यातल्या 'च'वर ते असा काही जोर द्यायचे की आत्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"हो, एकटीच! साठीला टेकले मी. आता मला कोण पळवून नेतंय? आणि नेलंच, तर दुसऱ्या दिवशी हात जोडून आणून सोडेल."

"अगं, पण बाईमाणसाला सोबत लागतेच," वहिनी म्हणाली.

"सोबतच नकोय मला!" आत्या कडाडली, आणि विषय तिथेच मिटला. निदान तिच्यापुरता तरी मिटला.

आत्याने उभी हयात बस डेपोतल्या चौकशीच्या खिडकीमागे काढली होती. भाचरांची ती आत्या, म्हणून ड्रायव्हर-कंडक्टरांचीही आत्या, आणि शेवटी शेवटी डेपो मॅनेजरसुद्धा "आत्याबाईंना विचारा" म्हणायला लागले होते. दिवसभर एकच पाढा: ही जाते, फलाट तीनवरून जाते, ती जात नाही, बंद झाली, ती जाते, पण कधी जाते ते विचारू नका. गाडी उशिरा सुटायची ड्रायव्हरमुळे आणि शिव्या पडायच्या खिडकीत. त्यामुळे निवृत्त झाल्यावर ती सगळ्यांना सांगायची, की जिथे गाडी वेळेवर सुटते असा एखादा देश एकदा डोळ्यांनी बघायचाय.

खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आत्याला जन्मात कधी स्वतःची खोली मिळाली नव्हती. लहानपणी आजीच्या कुशीत, मग बहिणींच्या रांगेत, बहिणी सासरी गेल्यावर भाचरांच्या लाथा खात, आणि भाची मोठी झाल्यावर तिच्या अभ्यासाच्या दिव्याखाली डोळ्यांवर ओढणी घेऊन. लग्न न केलेल्या बाईला एकटेपणाची हौस असते असं लोक समजतात. पण तिच्या वाट्याला घराचा जो कोपरा येतो, त्यातूनच नेमकी सगळ्यांची जा-ये असते. दाराला आतून कडी लावून, पाय पसरून, कुणाचाही श्वास न ऐकता झोपायचं, एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठी तिला समुद्र ओलांडावा लागला याचाही तिला रागच होता.

२

खोली मिळाली ती एका शांत गल्लीतल्या तिमजली घरात, वरच्या मजल्यावर. तिथल्या मालकीणबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, पायात मऊ सपाता घालून आवाज न करता वावरणाऱ्या होत्या. त्यांची भाषा आत्याला येत नव्हती आणि आत्याची त्यांना. भाचीने फोनमध्ये भाषांतराची सोय करून दिली होती. समोरचं माणूस बोललं, की फोनमधली बाई तेच मराठीत सांगायची. आपण मराठीत बोललं, की त्यांच्या भाषेत. बाईचं मराठी मात्र सरकारी पाटीवरचं होतं.

"स्वागत आहे," फोन म्हणाला. "आपण वर जाणे. आपले पाय पुसणे."

पाय पुसून आत्या वर गेली. एक पलंग. एक उशी. एक टॉवेल, एक पेला, खिडकीपाशी एक खुर्ची. जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा. आंघोळीची खोली तेवढी बाहेर, व्हरांड्याच्या टोकाला. आत्याने कडी लावली आणि मध्यभागी उभी राहून नुसती बघत राहिली. मग पलंगावर आडवीतिडवी झोपली, मुद्दाम. इतक्या सुखाने ती कधी झोपली नव्हती.

दुसऱ्या दिवशी न्याहारी करून, पायात भाचीने बळेच घेऊन दिलेले बूट चढवून ती निघाली. दार ओढून घेतलं आणि तोंडातून शब्द गेले, "येते हं."

बाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आत्याला मात्र शिकवावं लागलं होतं. लहानपणी एकदा शाळेच्या घाईत ती उंबऱ्यातून "जाते!" म्हणून ओरडली आणि आईने तोंडावर चापट दिली होती. "जाते काय, जाते? गेलेली माणसं परत येत नसतात!" तेव्हापासून, गाड्यांसाठी दिवसभर 'जाते, जाते' करणारी आत्या स्वतःसाठी हा शब्द कधी वापरत नसे. ती 'येते' म्हणायची, घरातून कुणीतरी 'ये' म्हणायचं, आणि मगच पाऊल बाहेर पडायचं.

इथे 'ये' म्हणायला होतं कोण? रिकाम्या खोलीचा निरोप घेतला म्हणून आत्याला स्वतःचंच हसू आलं. हसत हसत तिने कुलपात किल्ली फिरवली.

"येते," आतून आवाज आला.

आतून 'ये' असं आलं असतं तर ती तिथेच घाबरली असती. पण हा आवाज, चपला शोधता शोधता "थांब, येते" म्हणणाऱ्या बाईचा असतो, तसा होता. घाईतला, घरगुती. आत्या किल्ली धरून जराशी थांबली. मग तिने स्वतःला समजावलं: रिकामी खोली, घुमला असेल आपलाच आवाज.

जिन्याच्या निम्म्यात तिला आठवलं, की सतरंजी आणि जाड पडदे असलेल्या खोलीत आवाज घुमत नसतो. पण तोवर उन्हाचा पट्टा दारातून आत आला होता आणि बाहेर एक अख्खा देश पसरला होता.

३

पहिला प्रहर तर आत्या त्या देशावर बेहद्द खूश होती. रस्ते स्वच्छ, माणसं हळू बोलणारी, आणि "एकट्याच?" म्हणून एकानेही विचारलं नाही. दुकानात नाही, बागेच्या फाटकावर नाही. आत्याला वाटलं, याला म्हणतात सुधारलेली माणसं.

बस थांब्यावर मात्र तिची पहिली निराशा झाली. गाडी घड्याळाच्या ठोक्याला आली. आत्याला गहिवरून आलं. ती चढली, बसली, आणि ड्रायव्हर दार बंद करीना. तो आत्याच्या मागे बघत होता, चेहरा शांत, बोट बटणावर. कुणीतरी सावकाश चढतंय आणि आपण त्याला वेळ देतोय, असं त्याचं एकंदर वागणं. मग त्याने मान डोलावली, दार मिटलं आणि गाडी निघाली.

"उशीर केलास बाबा," आत्या पुटपुटली. "काही कारण नसताना."

मग तिच्या लक्षात यायला लागलं. वस्तुसंग्रहालयाच्या दरवानाने तिच्यासाठी दार उघडलं आणि ती आत गेल्यावरही क्षणभर तसंच धरून ठेवलं. पुढच्या दारातल्या बाईनेही तसंच केलं. चहाच्या दुकानातल्या वाढप्याने तिची खुर्ची ओढून दिली, मग समोरची ओढली आणि दोन कप ठेवले.

आत्याने एक बोट वर केलं. वाढप्या हसला, मान हलवली आणि दोन्ही कप भरून गेला.

आता आत्या तापली. म्हणजे पळसाला पाने तीनच! घरी "एकट्याच?" म्हणून तोंडाने विचारतात, इथे न विचारता दुसरा कप ठेवतात. बाई एकटी चहा पिते हे या पांढऱ्या टेबलक्लॉथवाल्यांच्याही पचनी पडत नाही! तिने आपला कप रागारागाने रिकामा केला आणि समोरच्या कपाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उठताना नजर गेली, तेव्हा तो अर्धा झाला होता. बशीत चमचा ओला होता.

वाढप्याने कमी भरला असेल, असं म्हणून ती बाहेर पडली.

४

संध्याकाळी खोलीचं दार उघडलं आणि आत्या उंबऱ्यातच थबकली. तिच्या पलंगाशेजारी घडीची लोखंडी खाट मांडली होती. वर पांढरी चादर, उशी, पायाशी दुमडलेली रजई. टॉवेल दोन, पेले दोन.

आत्या दाणदाण पावलं टाकत खाली गेली आणि फोन मालकीणबाईंच्या पुढ्यात धरला. "ही खाट कुणी आणली माझ्या खोलीत?"

मालकीणबाई सौम्यपणे बोलल्या. फोन म्हणाला, "दुसऱ्या स्त्रीसाठी खाट. हे अगत्य आहे. आपण काळजी न करणे."

"कुठली दुसरी स्त्री? मी एकटी आहे! एकटी आले, एकटी राहणार, एकटी परत जा..." आत्याने जीभ चावली. "एकटी परत येणार आहे!"

फोनने ते सगळं सांगितलं. मालकीणबाईंनी नीट ऐकून घेतलं. आत्याकडे पाहिलं, मग आत्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समजुतीचा भाव आला. दोन बहिणींच्या भांडणात तिसऱ्या बाईच्या चेहऱ्यावर येतो, तोच.

"भांडण होते," फोन म्हणाला. "प्रवासात होते. उद्या गोड होईल."

आत्याने वळून पाहिलं. मागे जिना होता, आणि जिन्यात कुणी नव्हतं. तिला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त संताप आला. साठ वर्षांनी एक खोली मिळाली होती आणि तिच्यात एका रात्रीत खाट पडली! स्वतः खाट मिटवायला गेली तर बिजागरी हलेना. शेवटी तिने खाटेकडे पाठ केली आणि कूस न बदलता झोपली. सकाळी खाटेवरची रजई पायाशी नव्हती. ती गळ्यापर्यंत ओढल्यासारखी पसरलेली होती, आणि उशीला मधोमध खळगा होता.

मालकीणबाई येऊन बसल्या असतील, आत्या म्हणाली. म्हणाली खरं, पण दाराला आतून कडी होती. खोलीबाहेर पडताना तिने सवयीने "येते" म्हटलं आणि मग दातांनी ओठ धरून ठेवला.

५

चौकातल्या कारंज्याच्या पायऱ्यांवर बसून तिने एका भल्या दिसणाऱ्या गृहस्थाला फोटो काढायची खूण केली. घरच्यांना दाखवायला एक फोटो हवा होता, ताठ मानेचा, एकटीचा.

गृहस्थाने फोन डोळ्यांपुढे धरला, खाली घेतला आणि दोन्ही तळहात एकमेकांजवळ आणून दाखवले. जवळ सरका. आत्या जरा सरकली. त्याने मान हलवली, तिच्या डाव्या बाजूला बघून हसला, हाताने तिकडेही खूण केली. मग त्याचं समाधान झालं. फोटो काढून, दोनदा मान लववून तो गेला. एकदा तिच्याकडे बघून, एकदा तिच्या डावीकडे.

फोटोत आत्या अगदी कडेला होती. उजवा हात कोपरापासून गायब. मधोमध नुसती पायरी.

"माझा हात कापला मेल्याने!" आत्या मोठ्यांदा म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणून कुणी वळलं नाही. तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला. कारंज्याच्या तुषारांनी सगळ्या पायऱ्या भिजून काळ्या झाल्या होत्या. फक्त तिच्या शेजारी, एक माणूस बसेल एवढी जागा कोरडी होती.

तिने मान वळवून शेजारी बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवून ती उठली आणि चालू लागली. आधी कुणी बसलं असेल, आत्ताच उठून गेलं असेल, असं चालता चालता ती स्वतःला सांगत होती, आणि डेपोतली जुनी सवय म्हणून तिने स्वतःलाच उलट विचारलं: कोण? कुठे गेलं? तू पाहिलंस?

६

दुपारी ती खोलीवर परतली तोच भाचीचा फोन आला. पोरीचा आवाज नुसता फुलला होता.

"आत्या, तू महालबाड आहेस हं! एकटी, एकटी म्हणून एवढी दवंडी पिटलीस, आणि शोधलीस ना सोबत?"

"कोण म्हणालं?"

"अगं, सकाळी मी फोन केला होता. तू आंघोळीला गेली होतीस. त्या बाईंनी उचलला. आपल्याकडच्याच आहेत ना? किती गोड बोलतात! म्हणाल्या, ती आंघोळीला गेलीय, तुम्ही काळजी करू नका, मी आहे."

आत्या पलंगाच्या कडेवर बसली. सकाळी फोन तिने खिडकीजवळ चार्जिंगला लावला होता आणि खोलीला कुलूप घातलं होतं. "आवाज कसा होता?" तिने विचारलं.

"आवाज? असा नेहमीचाच. खरं सांगू, आधी मला तूच वाटलीस. थांब, आईला बोलायचंय."

वहिनी फोनवर आली ती रडतच, पण आनंदाने. "माझ्या जिवाचा घोर गेला गं! आणि हे बघ, मी त्यांना आग्रहाने सांगितलंय. परत येताना आत्याबरोबर आमच्याकडेच या, चांगल्या राहा, आत्याच्या खोलीत जागा करू म्हटलं."

"माझ्या खोलीत?" आत्याचा आवाज चिरकला. "माझी कुठे आहे खोली? आणि मला न विचारता पाहुणे बोलावणारी तू कोण गं? ती बाई कोण, कुठली, तुला काय माहीत?"

"अगं, चिडतेस काय? तुझीच मैत्रीण ना?"

"काय म्हणाली ती?" आत्याने विचारलं. "तू ये म्हणालीस. मग ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? येते म्हणाल्या."

आत्याने फोन ठेवला. रडू आलं ते संतापाचं होतं, असं तिने नंतर ठरवलं असतं. घरचे आता पुन्हा कधी तिला एकटी समजणार नव्हते. आणि जे इथे होतं, ते घरी येणार होतं; तिच्या कोपऱ्यात, तिच्या उशीशेजारी, मरेपर्यंत.

७

दिवसाच्या उजेडात, पडदा पूर्ण उघडून, ती पलंगावर आडवी झाली. तोंड भिंतीकडे. गल्लीतून सायकलची घंटी गेली. खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी विसळत होतं. आणि मग पाठीमागे खाटेच्या स्प्रिंगा कुरकुरल्या, सावकाश, एकामागून एक, जड माणूस बेताने अंग टाकतं तशा.

"हे बघ," आत्या भिंतीला म्हणाली. आवाज कापत होता, म्हणून तिने तो चढवला. "तू कोण असशील ती अस. मी तुझं काही घेतलेलं नाही. मी आजीला जागा दिली, बहिणींना दिली, भाचरांना दिली. कुणाला कधी सरक म्हटलं नाही. तुला म्हणते. सरक. ऊठ. चालती हो!"

पाठीमागे स्प्रिंगा पुन्हा वाजल्या. जागा करून देताना वाजतात तशा. आत्याच्या मानेवर कुणाचा श्वास आला नाही, स्पर्श झाला नाही, काहीच झालं नाही, आणि ते काहीच न होणं इतकं जवळ होतं की तिला डोळे मिटवेनात.

मग डोकं चालायला लागलं. आत्याचं डोकं संकटातच चालायचं. चार गाड्या एकदम बंद पडल्यावर तिच्याइतकी शांत बाई अख्ख्या डेपोत नसायची. पहिल्या रात्री खोलीत कुणी नव्हतं, हे पक्कं. मग बदललं काय? सकाळी दारातून तिने काय म्हटलं? 'येते.'

जाणाऱ्याचं 'येते' म्हणजे जाऊन परत येते. मागे राहिलेल्याचं 'येते' म्हणजे थांब, मीही निघाले. शब्द एकच. आत्याने एक म्हटलं, आणि आत जे होतं, किंवा त्या क्षणी जे झालं, त्याने दुसरं म्हटलं. आणि त्यावर ही शहाणी काय करत होती? बाहेर पडताना दरवेळी, सवयीने, बिनचूक, "येते हं". रोज नव्याने आवतण!

"माझंच तोंड," आत्या भिंतीला म्हणाली. "माझंच मेलं वळण."

उपाय सरळ होता. परत येण्याचा शब्दच द्यायचा नाही. उद्या सामान घेऊन दुसऱ्या गावाला निघायचं, आणि दारातून दुसरा शब्द म्हणायचा. त्या शब्दाच्या नुसत्या विचाराने तिच्या गालावर आईची चापट चुणचुणली. पण आईला काय माहीत होतं? आईला कधी कुणी खोली दिली होती?

८

सकाळी तिने बॅग भरली, चादर झटकली, दोन्ही टॉवेल घडी करून ठेवले. बूट घातले. दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली, खोलीकडे तोंड करून. ऊन दोन्ही बिछान्यांवर सारखंच पडलं होतं.

घसा खाकरून, डेपोच्या खिडकीतल्या मायक्रोफोनवर बोलायची त्या आवाजात आत्या म्हणाली, "जाते."

काही झालं नाही. तिने दार ओढायला घेतलं.

"जा," आतून कुणीतरी म्हणालं.

शांतपणे, अदबीने म्हणालं. आपल्यात दारातल्या माणसाला 'जा' कुणी म्हणत नाही. कंटाळून हाकलायचं असलं, तरी "बरं, ये आता" म्हणतात. आत्याच्या अंगावर काटा आला, आणि त्याच्या पाठोपाठ राग. काय ही बोलायची रीत! दार तिने धाडकन लावलं. ते लागल्याचा आवाज तिला ऐकू आला नाही, पण रागात ते तिच्या ध्यानात आलं नाही.

खाली न्याहारीच्या खोलीत टेबलाला दोन खुर्च्या होत्या, आणि टेबलावर कप एक होता. बशी एक. चमचा एक. आत्या बघतच राहिली. मग इतका आनंद झाला तिला, की हसूच फुटलं. सुटले! बॅग पायाशी ठेवून, फोन टेबलावर ठेवून ती कपासमोर ऐसपैस बसली. आता पुढच्या गावात एक खोली, एक उशी, आणि कुणाच्या बापाची सोबत नको.

मालकीणबाई किटली घेऊन आल्या. आत्याने हसून मान लववली. मालकीणबाई जिन्याकडे बघत होत्या. त्यांनीही हसून मान लववली, पण जिन्याकडे. मग त्यांनी समोरची खुर्ची ओढून दिली, आत्यापुढचा कप बशीसकट उचलला आणि पलीकडे ठेवला. चहा ओतला.

"अहो बाई!" आत्या म्हणाली. "तो माझा आहे."

मालकीणबाईंनी फोनवर ओणवून काहीतरी विचारलं. फोनमधली बाई म्हणाली, "आपल्यासोबतची स्त्री आज कुठे आहे?"

या प्रश्नाचीच आत्या इतके दिवस वाट बघत होती. तिने तोंड उघडलं.

"ती?" समोरून आवाज आला. घरगुती, थोडा घाईतला, आत्याच्या ओळखीचा. "ती गेली."

फोन क्षणभर थांबला. मराठीत 'गेली'चे दोन अर्थ होतात, आणि फोनने त्यातला कुठला उचलला ते मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी किटली खाली ठेवली. हात छातीशी गेला. डोळे भरून आले. त्या पलीकडच्या खुर्चीमागे गेल्या आणि हवेत, खांदा असतो तेवढ्या उंचीवर, त्यांनी हात ठेवला. हात तिथे टेकला. कप उचलला गेला, आणि त्याच्या कानात आत्याला बोटं दिसली, नीट कापलेली नखं, साठीतल्या बाईची जून बोटं. तिने घाईघाईने आपले हात टेबलावर ठेवले, ताडून बघायला. टेबलावर नुसता उन्हाचा पट्टा होता, कापडाच्या सुरकुत्या होत्या.

"खोटं आहे!" आत्या ओरडली. "मी कुठे गेले? मी ही बसलेय! येते म्हटलं मी, हे बघा, येते म्हणतेय, येते, येते, येते!" एवढ्या मोठ्यांदा ती मायक्रोफोनवरही कधी ओरडली नव्हती. फोन गप्प होता. त्याला भाषांतर करण्याजोगं काही ऐकूच आलं नव्हतं.

"दुःख आहे," मालकीणबाईंचं बोलणं फोनने सांगितलं. "मी खाट काढून घेईन. आता आपल्याला खोली मोकळी."

"हो," समोरून आवाज आला. "तेवढं करा."

मालकीणबाईंनी डोळे पुसले. मग त्या अलीकडे आल्या आणि टेबल नीटनेटकं दिसावं म्हणून त्यांनी रिकामी खुर्ची आत ढकलली, पाठ टेबलाच्या कडेला टेकेपर्यंत. आत्या त्या खुर्चीत बसलेली होती.